समुद्रावरची सुट्टी: 'पॉइंट' सोडून तुम्हाला काय काय आवडतं?

घाटाखाली

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात निकाल लागला की आपल्या बेळगावकडची पोरं मोकळी. पण कोल्हापूर-सांगलीची भाचरं मे उजाडल्याशिवाय हाताला लागत नाहीत. आपल्या शाळा मेअखेरीस उघडतात, त्यांच्या जूनच्या मध्यावर. म्हणजे दोन राज्यांतली भावंडं एकत्र समुद्रावर न्यायची तर मधले जेमतेम तीन-चार आठवडे. ते आले की घरचा व्हॉट्सॲप ग्रुप पेटतो. गोवा की मालवण की कारवार, किती पॉइंट होतील, डॉल्फिन, स्कूबा, किल्ला, वाटेत कुठलं देऊळ.

हा धागा त्या यादीसाठी नाही. त्या माहितीचे धागे इथे ढिगानं पडलेत.

माझं म्हणणं एवढंच, की समुद्र आपल्याला इतका जवळ आहे म्हणून आपण तो उरकून टाकतो. चोर्ल्यानं पणजी, आंबोलीनं वेंगुर्ला, अनमोडनं मडगाव, कुठूनही तीन-चार तासांत खारं पाणी. मग पहाटे निघायचं, चार बीच 'करायचे' आणि मध्यरात्री घरी येऊन पडायचं. नाशिकच्या माणसानं अशी धावपळ केली तर समजू शकतो, त्याला लांब पडतं. आपण कशाला? एक गाव धरावं, गाडी लावून टाकावी आणि तिथून हलू नये. मग जे बारीकसारीक हाती लागतं तेच मला खरं वाटतं.

पहिली गंमत घाटातच. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर. घाट उतरायला लागलं की कान दडपतात, आवंढा गिळायचा, की टप्प करून मोकळे. कणकुंबीपर्यंत खिडकीतून येणारा वारा कोरडा असतो. गोव्यातली साखळी जवळ आली की तोच वारा अंगाला चिकटायला लागतो. आमची आई तेव्हा हमखास म्हणते, "आलं बघ कोकण", आणि पदरानं मान पुसते. (गोव्यालाही ती कोकणच म्हणते. आम्ही वाद घालत नाही.)

दुसरी, लाट परतताना टाचेखालची वाळू निघून जाते ती. घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहायचं, हलायचं नाही. परतणारं पाणी टाचेला दोन्ही बाजूंनी वळसा घालतं, खालची वाळू उकरून नेतं, चवडा वर आणि टाच खाली असे आपण हळूहळू मागे कलतो. पाच-सहा लाटांत घोटा गाडला जातो. आधी कुणाचा तोल जातो ही आमच्याकडची स्पर्धा. बाबा पंच असतात, आणि पंच म्हणून ते स्वतः कधीच पाण्यात येत नाहीत.

तिसरी, दुपार. अकरानंतर मेच्या उन्हात किनाऱ्यावर थांबण्यात काही राम नाही. उकड्या तांदळाचा भात, कढी, पडवीत चटई. खारे वारे तोवर सुटलेले असतात. घाम यायला आणि वारा लागायला एकच गाठ पडते आणि मग जी झोप लागते तिला तोड नाही.

तुमचं लिहा. नुसतं 'सनसेट' लिहिणाऱ्याला सगळ्यांना चहा पाजावा लागेल.

उगाच_एक

जाग्यावरून हलायचं नाही, दुपारी जेवून झोपायचं. हे घरी अनगोळात फुकटात होतंय की गा.

निपाणीकर_बंड्या

सनसेट. चहा कुठं पाजू, सांगा.

तुळशीकट्टा

धागा छान. पण घाटाखाली, एक विचारू? त्या पडवीतल्या चटईआधीचा भात आणि कढी कुणी केली होती?

रागानं विचारत नाही. आमच्या घरातही हेच होतं. स्वस्त पडतं म्हणून स्वयंपाकघर असलेली खोली घ्यायची, बेळगावातून तांदूळ, डाळ, तिखटाचा डबा, कुकरसुद्धा न्यायचा आणि तिथे जाऊन मी आणि जाऊबाईंनी तेच करायचं जे शहापुरात करतो. फक्त खिडकीतून समुद्र दिसतो. गेल्या खेपेला मी स्पष्ट सांगितलं, ओटा असलेली खोली घेतलीत तर मी येत नाही. घरच्यांनी मुकाट्यानं जेवणासकट सोय असलेलं घर शोधलं.

तेव्हा माझी यादी वेगळी आहे. सकाळी उठले आणि कुणीतरी करून दिलेला चहा हातात आला. कपबशी होती, काठाशी थोडा सांडलेला होता, साखर जास्त होती. तरी काय सांगू तुम्हाला. पायऱ्यांवर बसून तो अख्खा प्याले. मध्ये कुणी हाक मारली नाही. चहा गरम असताना संपला, ही गोष्ट बायकांनाच कळेल.

आणि जेवायला काय करायचं हा प्रश्नच नाही. आम्ही शाकाहारी, तरी त्या बाजूला काही अडत नाही. आंबोळी आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं, घावणे-चटणी, नारळाच्या गोड रसातले शिरवाळे, हंगाम असला तर ओल्या काजूची उसळ. हे सगळं दुसऱ्याच्या हातचं. दुपारी पानावर बसले आणि पुढे काय वाढलं जाणार हे मला ठाऊक नव्हतं! लग्न झाल्यापासून असं फक्त माहेरी होतं.

सासूबाई नऊवारीतल्या. "मी बसते वाळूत, तुम्ही जावा" म्हणून सांगितलं होतं. थोड्या वेळानं बघते तर ओच्याला हात लावून पाण्याच्या कडेला उभ्या. लाट आली की दोन पावलं मागे, गेली की दोन पावलं पुढे. मग एक लाट जरा लांब आली, साडी गुडघ्यापर्यंत भिजली, आणि त्या मोठ्यानं हसल्या. मागं वळून बघितलं नाही कुणी पाहतंय काय. त्या ओल्या साडीला नंतर सुकून मिठाची पांढरी रेघ उमटली होती. धुताना मीच म्हटलं, राहू दे की आजचा दिवस.

घाटाखाली

तुळशीकट्टा, भात खानावळीतला होता. पण मुद्दा शंभर टक्के मान्य. एक गाव धरा, गाडी लावा, आणि चूल पेटवू नका.

निपाणीकर_बंड्या

ताई, एक नंबर लिहिलंय.

आता माझं. रापण. ज्यांना म्हाईत नाही त्यांच्यासाठी सांगतो. होडीतनं जाळं समुद्रात अर्धगोल सोडत नेतात, दोन्ही टोकाचे दोर किनाऱ्यावर. मग गावची माणसं दोन रांगा करून ते ओढतात. घाई नाही, ताल असतोय. मागं मागं सरकत जायचं, शेवटचा माणूस दोर टाकून परत पाण्याजवळ येतोय नि पुढं लागतोय. आम्ही नुसतं बघत हुतो, तर एक म्हातारा म्हणाला, "बघतास काय, धरा." धरला की मग भावा.

दोर काथ्यासारखा खरखरीत, ओला, वाळू लागलेली. दहा मिनिटांत तळहात लालभडक. तंबाखूची पोती उचलणारी आमची माणसं, पण तिथं दम निघाला. जाळ्याचा घोळ जवळ आला की पाणी चमकायला लागतंय, आणि मग एकदम फडफड. तारल्या, बांगडे, एक-दोन खेकडी, आणि काचेगत दिसणारं काहीतरी लिबलिबीत, त्याला हात लावू नका म्हणाले. घारी डोक्यावर.

शेवटी त्या म्हाताऱ्यानं आमच्या धाकट्याच्या टोपीत बांगडे घातले. वाटा म्हणून. पोरगं घरापर्यंत टोपी दोन्ही हातांत धरून चाललं, कुणाला हात लावू दिला नाही. टोपी टाकून द्यावी लागली, ते सोडा.

उगाच_एक

आम्हाला विकत घेतलेले बांगडेसुद्धा टोपीत कुणी घालत नाही.

कालीकाठ

मी कारवारचा. सीमाभाग म्हटलं की सगळे बेळगाव-निपाणी धरतात, आमचं कारवारही त्यातच येतं बरं. फरक एवढाच की तुम्ही समुद्रावर येता आणि आम्ही समुद्रावर राहतो. तुमच्या गाड्या आम्ही बालपणापासून बघतोय. अकरा वाजता येणार, चप्पल काढणार, वाळूनं पाय भाजला की ओरडत पाण्याकडे पळणार, मग ती किनाऱ्यावर ठेवलेली 'चपल' युद्धनौका बघणार, भेळ खाणार आणि जाणार. ठाकूरांच्या नावाचा किनारा आहे तो. रवींद्रनाथांचे थोरले बंधू सत्येंद्रनाथ इथे न्यायाधीश होते, तेव्हा रवींद्रनाथ येऊन राहिले होते. तेही राहिले होते, एका दिवसात परत गेले नव्हते!

ओहोटीला या. सकाळी लवकर. आणि चालू नका, एका जागी उकिडवे बसा.

पाणी मागे गेलं की ओल्या वाळूत नखाएवढे खेकडे असतात, वाळूच्याच रंगाचे. आधी दिसत नाहीत. दिसतात त्या गोळ्या. मोहरी ते ज्वारीच्या दाण्याएवढ्या वाळूच्या गोळ्या, बिळाभोवती रांगांनी पसरलेल्या, मधोमध बीळ आणि चहूकडे फुटलेल्या वाटा. खेकडा बिळातून बाहेर येतो, दोन्ही नांग्यांनी वाळू तोंडाशी नेतो, तिच्यातलं खाण्याजोगं बारीक काय ते काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे ढकलतो. पुन्हा पुढची चिमूट. हात इतके भराभर चालतात की मोजता येत नाहीत. तुमची सावली हलली की सगळे एका क्षणात आत, किनारा मोकळा. गप बसून राहायचं. आधी एक डोळे वर काढतो, मग दुसरा, आणि मिनिटाभरात कारखाना परत सुरू. भरती आली की सगळं सपाट, पुढच्या ओहोटीला नव्यानं.

हे बघायला तिकीट नाही, पार्किंग नाही. पण पाहुण्यांना दाखवायला नेलं की पाचव्या मिनिटाला "आणि काय आहे इथे?"

तुळशीकट्टा

कालीकाठ, शेवटच्या वाक्यातला पाहुणा आमच्या घरात राहतो.

दुसरे_रेल्वे_गेट

सगळे गाडीवाले दिसताय. रेल्वेनं गेलात काय कधी? लोंढा, कॅसलरॉक, आणि तिथून ब्रागांझा घाट. ३७ ला १ चा उतार आहे, म्हणून जादाची इंजिनं जोडतात. गाडी थांबते, धक्का बसतो, पोरं खिडकीला. मग बोगदे मोजायची शर्यत. प्रत्येकाचा आकडा वेगळा येतो आणि कुळे येईपर्यंत भांडण मिटत नाही. दूधसागर मे महिन्यात म्हणजे काळ्या कातळावर एखादी पांढरी दोरी, त्याची अपेक्षा ठेवू नका.

मला आवडतं ते वेगळंच. कॅसलरॉकला डब्यात सगळे शिदोरी सोडतात. आमची मिरच्या घातलेली दशमी आणि शेंगादाण्याची चटणी, समोरच्यांची इडली, वरच्या बर्थवरच्या आजोबांचा चिवडा. कानडी, मराठी, कोकणी, कुणी कुणाला काय दिलं याचा हिशोब राहत नाही. गाडी घाट उतरेपर्यंत सगळे सगळ्यांचे नातेवाईक झालेले असतात. मडगावला उतरलं की कुणी कुणाला ओळखत नाही.

मागावरचा_माणूस

वडगावात आमचे माग आहेत. घर आणि कारखाना एकाच छपराखाली. लहानपणापासून मागाच्या आवाजात झोपलोय. रात्री लाईट गेली आणि माग थांबले की घरातले सगळे जागे होतात, अगदी तान्हं पोरसुद्धा. आवाजानं जाग येणारी माणसं वेगळी, आम्हाला शांततेनं जाग येते.

म्हणून कुणाच्या गावाला गेलो की मला झोपच लागत नाही. सासरवाडीला, लग्नाला, कुठेही. समुद्रावर मात्र लागली. रात्रभर तो चालूच. लाईट जायचा प्रश्न नाही. बायको म्हणाली, नाकाशी हात धरून बघितलं तुमचा श्वास चालू आहे काय.

बाकी आमची सुट्टी साधीच. एसटीनं वेंगुर्ला, बाजाराजवळ खोली, पायी सगळं. बायकोनं शिंपले गोळा केले, चांगले ओटीभर. त्यातले निम्मे फुटके. मी म्हटलं फुटके टाक, तर म्हणाली फुटक्यांचा आतला रंग दिसतो. तेव्हापासून मीही फुटकेच बघतो. आत जांभळट असतात, काही गुलाबी, एकावर तर आमच्या साडीच्या काठाला घालतो तसली बारीक रेघ होती. फोटो काढून ठेवलाय, डिझाईनला उपयोगी पडेल.

घाटाखाली

मागावरचा_माणूस, धागा काढल्याचं सार्थक झालं.

जुना_सातबारा

वेंगुर्ल्याचं नाव निघालंच आहे म्हणून थोडं अवांतर. बेळगावला छावणी वसली तेव्हा तिचं बंदर वेंगुर्ला होतं. माल तिथे उतरायचा आणि रामघाटानं वर यायचा. गणेशपूरकडचा रामघाट रोड रोज वापरणाऱ्यांपैकी किती जणांना हे माहीत असेल? पुढे आंबोलीची वाट झाली. मग १८८८ साली मुरगावहून निघालेली रेल्वे घाट चढून कॅसलरॉकला आली आणि वेंगुर्ल्याचा व्यापार बसला. त्याआधी डचांचीही वखार होती तिथे, तिचे पडके अवशेष अजून आहेत. तेव्हा आपण सुट्टीला खाली जातो ती वाट मूळची बाजाराची आहे, आपल्या आधी त्या वाटेनं पोती उतरली आणि चढली.

आणखी खाली शिरोड्याला मिठागरं आहेत. १९३० च्या मे महिन्यात तिथे मिठाचा सत्याग्रह झाला. मे महिन्यात जा, म्हणजे मीठही बघायला मिळतं. भरतीचं पाणी वाफ्यांत घेतात, ऊन ते आटवतं, आणि वाफ्यात पांढरी साय धरते. ती ओढून कडेला ढीग घालतात. नातवाला म्हटलं चाख. त्यानं चिमूटभर तोंडात घातलं, तोंड वेडंवाकडं केलं आणि विचारलं, "आजोबा, मग समुद्राचं पाणी पिशवीत भरून बेळगावच्या गच्चीत ठेवलं तर?" ठेवलंय. बाटलीतून आणून परातीत ओतलंय. रोज शाळेतून आल्यासारखा सुट्टीतही वर जाऊन बघून येतो.

उगाच_एक

मीठ झालं की इथं कळवा. आमच्या गच्चीतही जागा आहे.

तांबडी_माती

कॉलेजात आहे, म्हणजे या धाग्यावर वयानं सगळ्यात लहान बहुतेक. आम्हाला कुणी विचारत नाही, म्हणून लिहिते. आम्हाला 'पॉइंट' नको असतात हो! फोटो तर हवेतच, पण ते अर्ध्या तासात होतात. मला आवडतं ते रात्रीचे पत्ते. पडवीत पिवळा बल्ब, मेंढीकोट, मामा हमखास चिडीचा, मामी त्याला पत्ते दाखवून खुणा करणारी. वाळूनं पत्ते खरखरीत होतात, पिसताना अडकतात. नेटवर्क फक्त विहिरीच्या कठड्यापाशी येतं, त्यामुळे ज्याला फोन करायचाय तो उठून अंधारात जातो आणि सगळ्यांना कळतं कोण किती वेळ बोललं. (हे आवडतं असं नाही.)

आणि अरवलीच्या वेतोबाचे जोडे. देवाला नवसाचे एवढाले थोरले चामड्याचे जोडे वाहतात आणि केळ्यांचे घड. देव रात्री गाव राखायला फिरतो, त्यानं जोडे झिजतात असं म्हणतात. धाकट्या चुलत भावानं एकात दोन्ही पाय घालायचा हट्ट धरला, अक्कानं वेळेवर उचलला. दिवसभर त्याचा एकच प्रश्न होता, वेतोबाच्या पायाचा नंबर किती?

तुळशीकट्टा

तांबडी_माती, मामीला पुढच्या खेपेला माझा जोडीदार म्हणून द्या.

खानापूरचा_गवा

सगळं वाचून मजा आली, पण एक कोरडं लिहितो, कुणीतरी लिहायलाच हवं. पाण्यात उभं राहायची स्पर्धा वगैरे घोट्यापर्यंत ठीक. पुढे जाताना जिथे लाटा फुटत नाहीत, पाणी सपाट नि शांत दिसतं, तो पट्टा सुरक्षित समजू नका. बऱ्याचदा तिथूनच पाणी आत ओढतं. सापडलाच तर किनाऱ्याकडे झगडत येऊ नका, दमून जाल. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या बाहेर या, मग वळा. जिथे जीवरक्षक लाल-पिवळे झेंडे लावतात तिथे त्या दोन झेंड्यांच्या मधेच. आणि जून ते सप्टेंबर पाण्यात उतरूच नका, वळवाचे ढग आले तरी पोरांना बाहेर काढा.

बास. आता चालू द्या.

कांग्राळी_खुर्द

गवा, धन्यवाद. गरजेचं होतं.

कालीकाठ म्हणतात ओहोटीला या. पण ओहोटी कधी हे आम्हा घाटावरच्यांना कसं कळायचं? मोबाईलवर बघितलं तर चार ठिकाणी चार वेळा.

कालीकाठ

मोबाईल ठेवा बाजूला. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघा, तिची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती. चतुर्थीला ४ चे पाऊणपट ३, म्हणजे दुपारी तीनला आणि रात्रीही तीनच्या सुमाराला. अष्टमीला ६. एकादशीला सव्वाआठ. पक्ष कुठलाही असो. त्यात साधारण सव्वासहा तास मिळवले की ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण सहलीला चालतं. रोज भरती पंचेचाळीस-पन्नास मिनिटं पुढे सरकते, तिथीचा हिशोब त्याच्यावरच बसवलाय.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी चढतंही जास्त आणि उतरतंही जास्त. अष्टमीच्या सुमाराला भांग, फारसं हलत नाही. तेव्हा तुम्हाला सोयीचं म्हणजे प्रतिपदा-द्वितीया. सकाळी सातच्या सुमाराला ओहोटी, दुपारी तुम्ही घोरत असताना भरती, संध्याकाळी परत ओहोटी. किनारा त्या दिवसांत सगळ्यात रुंद मिळतो.

मागावरचा_माणूस

हे शाळेत का शिकवत नाहीत?

जुना_सातबारा

चंद्र शिकवतात, तिथी आजी शिकवायची. दोन्ही एका वहीत कुणी लिहिलं नाही.

दुसरे_रेल्वे_गेट

परतीच्या सामानावर कुणीच लिहिलं नाही. आमसुलं, आगळाची बाटली, खटखटे लाडू, इथवर ठीक. आमच्या आत्तीनं सुके बांगडे घेतले. कागदात, मग प्लॅस्टिकमध्ये, मग टॉवेलात, मग बॅगेच्या तळाशी. बसनं सावंतवाडी सोडली नाही तोवर मागच्या सीटवरून आवाज, "कुणी आणलंय गा?" आत्ती खिडकीबाहेर बघत होती. आंबोलीला चहाला गाडी थांबली तेव्हा कंडक्टर सगळ्या रॅकखालून नाक फिरवत गेला आणि आत्तीपाशी येऊन हळूच विचारलं, "मावशी, कुठनं घेतलंसा? भाव काय लावला?"

निपाणीकर_बंड्या

कंडक्टरला मानलं.

घाटाखाली

आणि जाताना आपल्या बेळगावची मिठाई, कुंदा! आम्ही ज्यांच्याकडे उतरतो त्या काकींना पहिल्या वर्षी सहज पाव किलो दिला होता. आता गाडीचं दार उघडायच्या आत विचारतात, "बेळगावसून इलास? मगे कुंदो खंय?" निघताना डिकीत नारळ, फणसाचा गरा आणि कोकमाची पिशवी घालतात, पैसे घेत नाहीत. एकदा हिशोब करायला बसलो तर बाबांनी वही काढून घेतली.

कांग्राळी_खुर्द

ठरलं मग. मोठं कुटुंब आहे, आजी पंच्याऐंशीच्या पुढे, एक पोर गाडी लागणारं. चोर्ला की आंबोली?

खानापूरचा_गवा

वेंगुर्ल्याला जाताय तर बाची-शिनोळीवरून आंबोलीच धरा. गाडी लागणाऱ्याला पुढे बसवा, निघताना दूध पाजू नका, लिमलेटच्या गोळ्या जवळ ठेवा. आंबोलीला थांबा, आजींचे पाय मोकळे करा, मगच घाट उतरा.

तुळशीकट्टा

आणि खोली घेताना विचारा, ओटा आहे काय. असला तर दुसरी बघा.

कांग्राळी_खुर्द

वद्य प्रतिपदेपासूनची खोली मिळाली. तळमजल्याची, पाण्यापासून चालत पाच मिनिटं. ओटा नाही, बायकोनं दोनदा फोन करून खात्री केली. कुंदा एक किलो पुरेल काय?

घाटाखाली

काकींची बहीणही शेजारीच राहते. दोन घ्या.